ढिगाच्या जागेची माती

कर्बाच्या योजनेत पुण्याच्या साहेबांनी बोरी बुद्रुकच्या हिराबाईला फसवलं आणि खापर माझ्या शेणखतावर फोडलं. मूळ गोष्ट एवढीच. पण संपादकांनी मला धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले आहेत, आणि एका ओळीत अनुभव आटोपला तर उरलेल्या पानांवर ते कुणाची तरी पाककृती छापतील. म्हणून सविस्तर लिहितो.

मी शेणखत विकायचो. वारूळवाडीच्या बाहेर रस्त्याला लागून माझा तळ होता. नव्वदच्या सुमाराला एका जुन्या टेम्पोवर सुरुवात केली. त्या टेम्पोला उतारावर ब्रेक लागत नसे आणि चढावर गियर पडत नसे. दोन हजार साल उजाडलं तेव्हा माझ्याकडे दोन ट्रॅक्टर आणि चार ट्रॉल्या होत्या. यात बापजाद्यांचा एक चमचाही नव्हता. लोक मला तोंडावर शेठ म्हणत आणि माघारी शेणशेठ. मी दोन्हीला ओ देत असे.

धंदा सोपा वाटतो. आंबेगावच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या गावांत, गुरं होती पण बागायत नव्हती. इकडे नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षं, टोमॅटो, ऊस होता, पण गुरं कमी होत चालली होती. तिकडचं शेण इकडे आणायचं. एवढ्यावर माणूस जगतो हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

खत पारखायची माझी रीत अशी. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. आत चटका बसला तर खत अजून शिजतंय, भाव पाडायचा. गार लागलं, हाताला काळं लागलं आणि शेणाचा वास आला नाही, तर तोंड वाकडं करून तरीही भाव पाडायचा. मग बादलीभर पाण्यात एक मूठ टाकायची. वजन वाढवायला कुणी माती मिसळली असेल तर ती खाली बसते, आणि तळाशी गाळ दिसला की मी जे बोलायचो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मीही काही संत नव्हतो. ट्रॉली वरून डोंगरासारखी भरलेली दिसेल आणि मधे पोकळ राहील, अशी भरायची कला मला येत होती. गिऱ्हाईक घासाघीस फार करू लागलं की ती वापरत असे. न करणाऱ्याला पूर्ण ट्रॉली मिळायची, पण असं गिऱ्हाईक मला आयुष्यात दोनदा भेटलं.

अवसरी खुर्दला नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायला आले होते. त्यांना बंगल्याच्या बागेसाठी वास न येणारं शेणखत हवं होतं. मी सात-आठ महिने उलटंपालटं करून कुजवलेला, चहाच्या पावडरीसारखा झालेला माल नेऊन टाकला. त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, ही तर माती आहे, मला शहरातला समजून फसवता का? मी ट्रॉली परत आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं ओलं शेण नेऊन ओतलं. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, हं, हे खरं. त्यांचे गुलाब त्या उष्णतेने जळून गेले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

माझा जोडीदार म्हणजे जुन्नरचा रशीदभाई. पोल्ट्रीच्या शेडांमधून कोंबडीखत तो आणायचा, शेणखत मी. काही गिऱ्हाइकांना दोन्ही मिसळून, पुन्हा कुजवून द्यायचो. रशीदभाई कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते माझ्या विरोधात असायचं. त्यामुळेच आमची भागीदारी टिकली.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी साहेब आले. पुण्याच्या एका संस्थेचे होते. संस्थेचं नाव घेत नाही, साहेबांचंही नाही. वाचलं की त्यांना कळेल. त्यांनी आम्हाला कर्ब, म्हणजे कार्बन, शिकवला, आणि खरं सांगायचं तर चांगला शिकवला. झाड हवेतला कर्ब ओढून घेतं आणि त्याचं पान, खोड, मूळ करतं. ते मातीत कुजलं तर त्यातला काही भाग काळा होऊन मातीत टिकतो. पेटवलं तर सगळा धूर होऊन परत वर जातो. जमीन उगाच नांगरत राहिलं तरी आतला कर्ब हळूहळू उडून जातो. ज्या जमिनीत कर्ब जास्त तिथं पाणी टिकतं, मुळं खोल जातात. परदेशातल्या कुठल्या तरी कंपन्या धूर सोडणार आणि आमचे शेतकरी तो जमिनीत साठवून दाखवणार, त्याबद्दल गावाला काही मिळणार, अशी योजना होती. बोरीचे वीस-बावीस ऊसवाले त्यात आले. अट एकच: तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवायचा नाही. तो सरीत पसरायचा, कुजवायचा, वर शेणखत टाकायचं, आणि आरंभी एकदा व तीन वर्षांनी पुन्हा मशीनवर माती तपासायची.

बोरीत खत आधीपासून माझंच जात होतं, म्हणून योजनेचं खत पुरवायचं कामही मला मिळालं. साहेब सगळ्याचा हिशोब धरत. ट्रॅक्टरच्या डिझेलचा धूर त्यांनी वजा केला. मग गुरांच्या ढेकरांतूनही वायू जातो म्हणून तोही वजा करू लागले. मी म्हटलं, साहेब, गुरं माझी नाहीत, मी फक्त शेण उचलतो. ढेकर गोठेवाल्याच्या नावावर घाला. अर्धा तास घासाघीस करून मी सगळे ढेकर सोडवून घेतले. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आपल्या खिशात आहे.

आता हिराबाई. तिचा नवरा चाकणला कंपनीत लागला तेव्हा घरात प्रश्न निघाला की तीन एकर ऊस कोण बघणार. धाकटा दीर दत्तू शेजारचीच तीन एकर करत होता. बांध एक, माती एक, पाणी एक. सगळ्यांना वाटलं, तोच दोन्हीकडे बघेल. हिराबाई म्हणाली, मी बघते. शेवटी नवऱ्याने वडीलधाऱ्यांसमोर ठरवलं: तीन वर्षं तू बघ, जमीन सुधारली तर तुझ्याकडे, नाही तर दत्तूकडे. सुधारली की नाही हे कोण सांगणार, यावर पुन्हा भांडण. तेवढ्यात ही योजना आली आणि हिराबाईच म्हणाली, "यांचं मशीन काय सांगंल ते मला मान्य हाय." दत्तूही हो म्हणाला. अशा रीतीने एका बाईची शेती साहेबांच्या मशीनवर टांगली गेली, आणि साहेबांना याचा पत्ता नव्हता. मला होता.

पहिल्या तपासणीच्या दिवशी साहेब जीप घेऊन दुपारी आले. सोबत माती काढायचं लोखंडी गिरमिट होतं. प्रत्येक शेतात दहा-पंधरा ठिकाणी ते फिरवायचं, सगळी माती एकत्र करायची, आणि त्यातली थोडी पिशवीत भरायची, हे खत पुरवणारा म्हणून साहेबांनीच मला आधी शिकवलं होतं. बांधाजवळची घ्यायची नाही, झाडाखालची घ्यायची नाही, खताचा ढीग जिथे पडतो तिथली तर मुळीच घ्यायची नाही. पहिल्याच शेतात गिरमिट दगडावर आपटलं. साहेबांच्या तळहाताला फोड आला. ऊन होतं. ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसले, चहा मागवला आणि नंबर टाकलेल्या पिशव्या वाटून म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या शेतातली किलोभर माती आणा.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खताची ट्रॉली उसात आत शिरत नाही, म्हणून ती दरवर्षी रस्त्याकडच्या एकाच कोपऱ्यात उलटतात आणि तिथून पाट्यांनी खत पसरतात. ही ढिगाची जागा. तिथली माती वर्षानुवर्षं खत पिऊन काळी, भुसभुशीत होते, ऊस तिथे हातभर उंच होतो. पाहुणा आला की शेतकरी त्याला शेत दाखवतो म्हणजे ढिगाची जागा दाखवतो. मुलीला स्थळ बघायला येणारेही शेत म्हणून तेच बघून जातात. आत कुणी नेत नाही आणि आत ने असं कुणी म्हणतही नाही.

पुण्याचा साहेब माती मागतोय म्हटल्यावर बोरीच्या वीस-बावीस माणसांनी एकमेकांना न विचारता काय केलं असेल? पाहुण्याला चांगलं ते द्यायचं. सगळे ढिगाच्या जागेवर गेले.

मी ओट्यावर बसून पिशव्यांची तोंडं बांधत होतो. हिराबाईची पिशवी आली. ती उघडल्याबरोबर मला वास आला. स्वतःचा माल मी झोपेत ओळखतो. आणि त्या मातीत कोंबडीचं एक पीस होतं. रशीदभाईच्या खतातलं. म्हणजे माती कुठली, याबद्दल शंकेला जागाच नव्हती. मी ते पीस दोन बोटांनी काढून टाकलं आणि पिशवीला गाठ मारली. शेजारी बसलेला रशीदभाई म्हणाला, "भाऊ, पिसाचापण कर्ब धरनार का हे लोक?" मी हसलो. मला वाटलं, बरंच आहे, माझ्या खताचा आकडा चांगला येईल. ही आरंभाची मोजणी आहे, पुढची तिच्याशी ताडून बघणार आहेत, आणि आरंभाचा आकडा जेवढा चढा तेवढं हिराबाईला तीन वर्षांनी वर चढायला कमी उरेल, एवढा हिशोब माझ्यासारख्या माणसाला सुचला नाही. आयुष्यभर भाव पाडून सुरुवात केली, आणि पाडायचा तेव्हा पाडला नाही.

साहेबांकडे उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र होतं. त्यांनी ते ओट्यावर बसूनच दाबलं. त्या यंत्राच्या हिशोबाने बोरीचा सगळा ऊस प्राथमिक शाळेत पिकतो. मग प्रत्येक कागदावर एक ओळ होती, नमुना कोणी घेतला, तिथे साहेबांनी स्वतःची सही केली. सगळ्या कागदांवर.

तीन वर्षं हिराबाईने जे केलं ते मी पाहिलं आहे. पाचट पसरलं की पाणी सरीतून पुढे सरकत नाही, तासनतास फावडं घेऊन उभं राहावं लागतं. उंदीर होतात. मजूर पाय कापतात म्हणून यायला कुरकुर करतात. दत्तू बांधावर उभा राहून म्हणायचा, "वहिनी, कचरा डेपो लई भारी झालाय, आता नगरपालिकेला कळवा." ती म्हणायची, "कळवलंय, तुमाला मुकादम ठेवत्यात का इचारलंय."

दुसऱ्या वर्षी दत्तूने तोडणी झाल्यावर नेहमीसारखं स्वतःचं पाचट पेटवलं. वारा फिरला. मी तेव्हा तिच्याकडे ट्रॉली उलटायला गेलो होतो. हिराबाईने बांधालगतचा पट्टा आधीच भिजवून ठेवला होता आणि ओली पोती घेऊन ती उभी होती. ठिणगी पडली की पोतं आपटायचं. मीही सदरा काढून आपटायला लागलो, माझा ट्रॅक्टरवालाही. अर्ध्या तासाने आग विझली तेव्हा तिच्या भुवया जळाल्या होत्या आणि माझा सदरा संपला होता. दत्तू पलीकडून म्हणाला, "शेठ, खताबरोबर अंघोळपण फुकट देता का?" मी ढेकूळ उचललं होतं, हिराबाईने हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एक वर्स ऱ्हायलंय."

तिसऱ्या वर्षी तपासणीला साहेब आले नाहीत. त्यांनी दोन शिकलेले, कामसू पोरगे पाठवले. त्यांनी प्रत्येक शेतात आत शिरून, नियमाप्रमाणे, पंधरा-पंधरा ठिकाणी गिरमिट फिरवलं. दगड लागला तर बाजूला सरकून पुन्हा फिरवलं. इतकं चोख काम मी सरकारी किंवा खाजगी कुठेच पाहिलं नव्हतं, आणि त्या चोख कामानेच आमचा घात केला.

निकाल शाळेतच वाचला. त्याला साहेब आले होते. हिराबाईचा नवा आकडा जुन्याच्या जेमतेम निम्मा होता. जवळजवळ सगळ्यांचं तेच. साहेबांनी चष्मा पुसत सांगितलं की बोरीच्या जमिनीने तीन वर्षांत कर्ब साठवायच्या ऐवजी सोडला. म्हणजे कागदोपत्री बोरीचे ऊसवाले कारखान्याच्या धुराड्यात जमा झाले. मग अहवालातलं कारण वाचलं: पुरवलेल्या शेणखताचा दर्जा निकृष्ट असावा.

असावा. ढिगात हात न घालता.

मी उठलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. रशीदभाई सांगतो की साहेबांच्या तीर्थरूपांपर्यंत गेलो होतो. मी म्हटलं, "पहिली माती तुमी काढलीच न्हाई. तुमी हितं बसून चहा पीत व्हतात." साहेब शांतपणे म्हणाले, "नोंदीत माझी सही आहे. आरंभाचा आकडा आता बदलता येत नाही." मी म्हटलं, मग बांधाच्या दोन्ही बाजूंची काढा. एक माती, एक पाणी. दत्तूने तीन वर्षं पेटवलं, हिने तीन वर्षं कुजवलं. दोन्ही शेजारी ठेवा, कळेल. साहेब म्हणाले की प्रकल्पात तशी तरतूद नाही. मग जीपमध्ये बसले. काच वर करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पन्नास हजार सौदे केलेला माणूस सांगतो, ती नजर खोटा माल खपवलेल्या माणसाची होती. त्यांना पहिल्या मोजणीचा कागद हातात घेतल्यापासून माहीत होतं. उसाच्या साध्या जमिनीत तेवढा कर्ब नसतो, हे माती शिकवणाऱ्याला कळणार नाही तर कुणाला?

त्या आठवड्यात हिराबाईची जमीन दत्तूकडे गेली. ठरलं होतं ते तिने पाळलं, वाद घातला नाही. दत्तूने पहिलं काम केलं ते पाचट पेटवायचं. बोरीतून माझ्या ट्रॉल्या बंद झाल्या ते वेगळंच.

दत्तूने तिच्या शेतातलं ते पाचट पेटवलं त्याच्या आदल्या दिवशीच मी बांधाच्या दोन्ही बाजूंची माती काढून ठेवली होती. पंधरा-पंधरा ठिकाणची, आत शिरून, रशीदभाईला साक्षीला घेऊन. त्याच्या गुडघ्यांना ते मानवलं नाही. दोन पिशव्या, बंद तोंडाच्या, नावाशिवाय नुसते नंबर टाकून सरकारी प्रयोगशाळेत दिल्या. निकाल आला. हिराबाईच्या बाजूचा कर्ब दत्तूच्या बाजूपेक्षा जास्त होता. डोंगराएवढा नाही, पण जास्त. जमीन सुधारली होती.

कागद घेऊन मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात धान्य पाखडत होती. मी दोन्ही आकडे वाचून दाखवले. तिने सूप खाली ठेवलं, कागद हातात घेतला, दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आनंद होईल, निदान साहेबाला शिव्या देईल. म्हणून मी सुरुवात करून दिली. तिने मला थांबवलं.

"त्या दिवशी पिशवीतलं पीस काढून टाकलंत ना शेठ, तवा मी समोरच व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, घाण काढताय."

मी पुन्हा आकड्यांकडे बोट दाखवलं.

"तुमाला कळलं व्हतं ना, माती कुटली ते?"

मी म्हटलं, कळलं होतं.

"मग बोलला का न्हाई? मी परत जाऊन दुसरी आणली असती. शेत काय लांब व्हतं?"

शेत शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. ढिगाच्या जागेची माती तिने गावच्या रीतीप्रमाणे आणली होती; त्यात तिचा दोष नव्हता. नियम मला माहीत होता. घासाघिशीत आजवर मला कुणी हरवलेलं नाही, आणि त्या अंगणात मी वाकून तिच्या सुपातले खडे वेचू लागलो. तिने कागदाची घडी केली, पदराला पुसली आणि आत डब्यात ठेवली. दत्तूने तो पाहिला, नवऱ्याने पाहिला. दोघे म्हणाले, ठरलं होतं साहेबांच्या मशीनवर, शेठच्या पिशवीवर नाही. यात त्यांचंही चूक म्हणता येत नाही. आता घरामागच्या दहा गुंठ्यांत ती भाजी करते, आणि तिथे काडी ओढायला दत्तूला बंदी आहे.

मी धंदा बंद केला त्याला काही वर्षं झाली. ट्रॅक्टर विकले. रशीदभाई अधूनमधून येतो आणि दर वेळी विचारतो, "भाऊ, ते पिसाचं लिवलं का कुटं?" आज लिहिलं. पीस मी काढलं, गाठ मी मारली, आणि माझा आकडा चढा यावा म्हणून गप्प बसलो. हे माझं उत्तर, छापील, माझ्या नावानिशी.

आता साहेब, तुमचं. तुम्ही न काढलेल्या मातीखाली सही केलीत, कळल्यावर ते लपवलंत, आणि लपवायला माझं खत पुढे केलंत. माझ्या खताचं जाऊ द्या. शाळेचा तो ओटा अजून तिथेच आहे, चहाही मिळतो. एक दिवस या, दत्तूला आणि हिराबाईच्या नवऱ्याला समोर बसवा, आणि बोरीतली पहिली माती कुणी काढली ते तिच्या देखत सांगा.